माझ्या छातीत कोणतं इंजिन?

मी एक जुनी लाल गाडी आहे. दोन माणसांची, बुटकी, लांब नाकाची, वर कापडी छप्पर असलेली आणि पळण्यासाठीच घडवलेली. मित्रांनो, माझी गोष्ट तुम्हाला सांगायची आहे, पण आधीच बजावते. "बिचारी जुनी गाडी" म्हणून उसासे टाकायचे असतील तर खुशाल दुसरीकडे जा. बिचारी हा शब्द मी इतकी वर्षं ऐकला आहे की गंजापेक्षा त्याचाच मला जास्त त्रास झाला.

माझा जन्म विलायतेतल्या एका कारखान्यात झाला. तिथल्या कारागिरांनी माझा पत्रा ठोकून वळवला, तारांची चाकं बसवली आणि माझ्या लांब नाकाखाली एक पेट्रोलचं इंजिन ठेवलं. ते सुरू होताना आधी घसा खाकरायचं आणि मग मोकळ्या आवाजात गायला लागायचं. बोटीने मी मुंबईला आले आणि तिथून हैदराबादला एका जहागीरदाराच्या घरी पोचले. त्यांच्या मुलाने मला हौसेने फिरवलं. मग त्याला दुसरी हौस लागली आणि मी ताडपत्रीखाली गेले. बरीच वर्षं लोटल्यावर त्या घराने मला विकायला काढलं.

मला विकत घेतलं ते हिंगोली जिल्ह्यातल्या माणिकरावांनी. सेनगावच्या अलीकडे त्यांचं गाव, आणि गावाला लागून त्यांची हळदीची शेती. हैदराबादला ते गेले होते विहिरीवर बसवायला इंजिन आणायला. इंजिन आणलं खरं, पण त्याच्याभोवती गाडीही होती. त्यांच्या आई सखुबाई अंगणात आल्या, त्यांनी माझ्याभोवती एक फेरी मारली आणि कमरेवर हात ठेवून विचारलं, "माणिका, आता हिरीचं पाणी काय हिच्या नाकानं उपसू व्हय?"

सगळा गाव हसला. माणिकरावही हसले. मला मात्र राग आला. पहिल्याच दिवशी नाकावरून बोललेलं कुणाला आवडेल?

माणिकराव माणूस लाख होता, पण गाडी चालवायची म्हणजे त्यांना बैलगाडीचीच सवय. मला ते दुसऱ्या गिअरच्या पुढे नेतच नसत. समोर कोंबडी दिसली तरी थांबून तिला जाऊ देत. माझं खरं नशीब उघडलं ते त्यांच्या बायकोमुळे. पद्माबाई हिंगोलीच्या मोंढ्यातल्या, म्हणजे शेतमालाच्या बाजारातल्या, हळदीच्या अडत्याची मुलगी. वडिलांच्या काट्यावर खेळत लहानाची मोठी झालेली, हिशेबाला पक्की आणि जिभेला धार. पीक निघून गेलेल्या मोकळ्या रानात माणिकरावांनी तिला मजा म्हणून स्टीअरिंगवर बसवलं. तिने दोनदा मला बंद पाडलं, एकदा बांधावर चढवलं आणि चौथ्या वेळी असं काही पळवलं की माणिकरावांनी दोन्ही हातांनी दार धरून ठेवलं. त्या दिवशी मला कळलं की आपण कशासाठी जन्माला आलो.

गावाने नावं ठेवायची ती ठेवलीच. सून गाडी चालवते, तीही उघडी, डोक्यावर छप्पर नसलेली! सखुबाई तर आठवडाभर सुनेशी बोलल्या नाहीत. मग एका सोमवारी पदर कानावरून घट्ट बांधून माझ्या दाराशी येऊन उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "औंढ्याला न्यायची असंल तर ने. पर लोकाईला सांगू नको, म्या सोताहून आले म्हनून." नागनाथाच्या दर्शनाला जाताना त्या डोळे मिटून बसल्या होत्या. येताना मात्र त्यांनीच विचारलं, "याच्याहून जोरात न्हाई पळत का ही?"

त्या वर्षांत पद्माबाई हळदीचा नमुना घेऊन माझ्यातूनच हिंगोलीच्या मोंढ्यात जायची. मी आवारात शिरले की व्यापारी गादीवरून उठून बाहेर येत. पोरं मागे धावत. कुणी आरशात भांग पाडून घेई, कुणी हॉर्न वाजवून पळून जाई. मला ते सगळं आवडायचं. मी काही साधी नव्हते आणि तसं भासवतही नव्हते.

आता माझं इंजिन कसं गेलं तेही ऐका, कारण असा घात फक्त आमच्याच भागात होऊ शकतो. गाडीच्या रेडिएटरला बारीक भोक पडून पाणी गळायला लागलं की त्यात चिमूटभर हळद टाकायची, ही आमच्याकडची जुनी युक्ती. हळद पाण्यात फुगते, भोकात अडकते आणि गाडी घरापर्यंत येते. पद्माबाईचा मुलगा कुलदीप तेव्हा कॉलेजात होता. मित्राच्या लग्नाला जायला त्याने मला नेलं. वाटेत रेडिएटर गळू लागला. त्याला युक्ती आठवली, पण चिमूट म्हणजे किती ते आठवलं नाही. आमच्याकडे घरोघरी हळदीच्या पावडरीला काय तोटा! त्याने कुणाकडून तरी पातेलंभर आणली आणि सगळी ओतली.

गळती थांबली. त्याचबरोबर आतलं पाणी फिरायचंही थांबलं. कुलदीप गाणी म्हणत मला हाकत राहिला आणि माझं इंजिन आतून तापत गेलं. बॉनेटमधून लग्नघरासारखा वास येऊ लागला तेव्हा कुठे तो थांबला. तोवर इंजिनाच्या बिडाला उभा तडा गेला होता. मला बैल जोडून घरी आणलं.

माणिकरावांनी हैदराबादपर्यंत विचारपूस केली, पण तसं इंजिन कुठे मिळेना. तडा जोडून पाहिला, तो पुन्हा उघडला. मग मी हळदीच्या कोठारात गेले. आधी माझ्यावर कापड होतं. मग कापडावर पोती आली. मग कापडही गेलं. कोंबड्यांनी माझ्या सीटवर अंडी घातली. कुलदीप कोठारात आला की माझ्याकडे पाठ करून उभा राहायचा. आपल्या हातून जे मोडलं ते समोर नको असतं माणसाला. पुढे माणिकराव वारले.

त्यानंतर पद्माबाईचं काय झालं ते मला कोठाराच्या दारातून दिसत होतं. कुलदीपने उंच, बंद काचांची मोठी गाडी घेतली. आई कुठे निघाली की तो मागचं दार उघडायचा, तिला मागे बसवायचा, एसी लावायचा. प्रेमाने करायचा, खोटं कशाला बोलू? एकदा तिने किल्ली मागितली तर म्हणाला, "आई, वय झालं आता तुझं. काहून तकलीफ घेतेस? मागं आरामात बस." ती बसली. पण त्या दुपारी ती कोठारात आली, माझ्या सीटवरची पोती तिने एकटीने खाली ओढली आणि स्टीअरिंगवर हात ठेवून बराच वेळ बसून राहिली. तिला राग आला होता. मला तर वीस वर्षांपासून आलेला होता.

आणि मग वसराम आला. हिंगोली रस्त्यावर त्याचं मंगल कार्यालय आहे, पुढे मोठं लॉन. त्याने मला पाहिलं आणि त्याचे डोळे चमकले.

"कुलदीपभाऊ, द्या मला ही," तो म्हणाला. "लॉनमधी ठुतो. नवरा-नवरीला हिच्यात बसवायचं, फुलं लावायची, फोटो काढायचे. लोकं लाईन लावतेत बघा."

"इंजिन गेलेलं हाय तिचं," कुलदीप म्हणाला.

"मंग? इंजिन काहून पायजे? उलट आतलं समदं काढून टाकू. ढकलाया हलकी जाईल."

मित्रांनो, माझ्यासमोर, मला ऐकू येईल असं तो हे म्हणाला. मी फुलदाणी आहे का? पळण्यासाठी केलेल्या अंगात हवा भरून, त्यावर नवरा-नवरी बसवून दात काढायला लावायचे? त्यापेक्षा मला भंगारात द्या. वितळून निदान कुणाचा नांगर तरी होईन, आणि नांगर चालतो!

कुलदीप हो म्हणायच्या बेतात होता. तेवढ्यात दारातून आवाज आला.

"बाई म्हातारी झाली की मागं बसवायची आन् गाडी म्हातारी झाली की फुलं लावायची, व्हय?" पद्माबाई आत आली. "वसराम, आवंदाची हळद मोंढ्यात जाईपोहत थांब. तवर ही सोताच्या इंजिनानं, माझ्या हातानं चालली तर माझी. न्हाई चालली तर घेऊन जा, मी आडवी येनार न्हाई."

वसरामला लग्नाच्या हंगामाआधी मी हवी होते. हळद जाते तीही तेव्हाच. तो कबूल झाला.

माझं सगळं आयुष्य आता एका प्रश्नावर येऊन थांबलं होतं, की माझ्या छातीत कोणतं इंजिन बसवायचं. आणि पद्माबाईचं आयुष्यही. कारण मी गेले असते तर तिला उरलेलं आयुष्य मागच्या सीटवरूनच बघावं लागलं असतं.

ट्रॅक्टरने ओढत मला हिंगोलीला नेलं. मोंढ्याजवळ भीमराज यांचं गॅरेज आहे. पन्नाशीचे, शांत, कमी बोलणारे गृहस्थ. त्यांनी माझं बॉनेट उघडलं, बराच वेळ आत पाहिलं आणि म्हणाले, "ताई, जुनं इंजिन विसरा. पन बाकीची हाडं चांगली हायेत. हिला दुसरं इंजिन बसंल. कोन्तं ते मात्र इचार करून ठरवा. चुकलं तर चालंल, पन धड चालनार न्हाई."

सल्ले द्यायला मग काय, सगळेच पुढे. कुलदीपचा सल्ला ठरलेला होता. आमच्याकडे कुठल्याही गाडीचं इंजिन गेलं की जीपचं डिझेल इंजिन बसवायचं. ते टिकतं, त्याचा मेस्त्री गावोगाव मिळतो आणि त्यावर जत्राभर माणसं वाहता येतात. आईची पैज त्याने मनावर घेतली होती की तिला लवकर गप्प करायचं होतं, हे मला शेवटपर्यंत कळलं नाही. पण तो एक जीपचं इंजिन घेऊनच आला. काळं, तेलकट, ट्रंकेएवढं.

साखळीच्या कप्पीने ते माझ्यावर उतरवलं. मित्रांनो, माझ्या पुढच्या स्प्रिंगा अशा कुरकुरल्या की गॅरेजातला चहावाला दचकला. माझं नाक जमिनीकडे गेलं. बॉनेट लावायला गेले तर ते लागेना. माझ्या हातात फारसं काही नसतं, पण त्या दिवशी बॉनेट लागलं नाही याचा मला मनापासून अभिमान वाटला.

"त्याला काय, भोक पाडू," कुलदीप म्हणाला आणि ग्राइंडर घेऊन आला. "इंजिन वर निघालेलं चांगलंच दिसतं. पोरं आजकाल मुद्दाम करतेत तसं."

ग्राइंडर सुरू झाला. त्याची चकती माझ्या लाल पत्र्यापासून हातभर अंतरावर होती. पद्माबाईने आपला तळहात बॉनेटवर ठेवला आणि तो हलवला नाही.

"आई, हात काढ."

"आधी काट्यावर घे तिला."

"काट्यावर? ती काय हळद हाय?"

"माझ्या बापाच्या काट्यावर वजन केल्याबिगर कोन्ती वस्तू आत गेली न्हाई आन् भाईर आली न्हाई. हिचंबी वजन करू."

मोंढ्याचा काटा समोरच होता. ट्रक चढतात तो मोठा. तिथे तिने जे केलं ते पाहायला हमाल, व्यापारी, रिक्षावाले, सगळे जमले. तिने मला पूर्ण काट्यावर घेतलंच नाही. आधी फक्त माझी पुढची चाकं चढवली आणि आकडा पाहिला. मग पुढची उतरवून मागची चढवली. पहिल्यांदा माझं जुनं, मेलेलं इंजिन पुन्हा जागेवर ठेवून. दोन्ही आकडे जवळपास सारखे आले. मग जीपचं इंजिन बांधून. पुढचा आकडा असा फुगला की काट्यावरचा माणूस काचेतून बाहेर वाकून बघू लागला.

"धुरजड," पद्माबाई एवढंच म्हणाली.

हा शब्द आमच्याकडे प्रत्येक शेतकऱ्याला ठाऊक आहे. बैलगाडीत पोती पुढे जास्त झाली की सगळा भार बैलांच्या मानेवर येतो, ती गाडी धुरजड. मागे जास्त झाली की जू वर उचललं जातं आणि बैलांच्या गळ्याला फास बसतो, ती उलाळ. दोन्हींत गाडी चालते, पण बैलाचे हाल होतात. गर्दीतला एक म्हातारा हमाल लगेच म्हणाला, "बराबर हाय बाईचं. वळनावर हिचं तोंड वळनारच न्हाई." भीमराज नुसते हसले. ते गेले दोन दिवस हेच सांगू पाहत होते, पण कुलदीप त्यांना बोलू देत नव्हता.

जीपचं इंजिन परत गेलं. कुलदीपचा चेहरा पडला.

दुसरा सल्ला हरीशचा. तो पद्माबाईच्या बहिणीचा मुलगा, पुण्यात इंजिनिअर. सुट्टीला आला होता. मला विजेवर चालवायची त्याची कल्पना. "मावशी, धूर नाही, आवाज नाही, तेल बदलायची तकलीफ नाही," तो म्हणाला. आवाज नाही म्हटल्यावर माझं डोकंच फिरलं. पण पद्माबाईने त्याचं नीट ऐकून घेतलं. बॅटऱ्यांचं वजन किती आणि त्या कुठे ठेवायच्या, असं विचारलं. त्याने वजन सांगितलं आणि डिकी दाखवली. मग तेवढ्याच वजनाची हळदीची पोती तिने माझ्या डिकीत भरायला लावली आणि मला पुन्हा काट्यावर घेतलं. माझं नाक आभाळाकडे गेलं.

"उलाळ," या वेळी हरीशच म्हणाला. आणि मनमोकळा हसला. "मावशी, मोठी गाडी असती तर केली असती. हिच्यात जागाच नाही." हा मुलगा मला तेव्हापासून आवडतो.

तिकडे रानात हळद शिजून निघाली होती. वाळायला घातलेली हळद रोज थोडी आणखी कडक होत होती. वसरामचा फुलवाला एकदा गॅरेजात येऊन माझी लांबी-रुंदी मोजून गेला. मी त्याच्या पायावर तेलाचा एक थेंब टाकला. जुनं तेल होतं, पण उपयोगी पडलं.

तेव्हा भीमराज म्हणाले, "ताई, एक इंजिन हाय. सांगू का नको, इचार करून राहिलो."

"सांगा की भाऊ."

त्यांनी गॅरेजच्या मागे नेलं. तिथे एक पिवळी व्हॅन उभी होती. शाळेची. रिकामी उभी असताना मागून ट्रॉली धडकून तिचा मागचा अर्धा भाग चेपला होता. पुढचं इंजिन मात्र शाबूत. लहानसं, हलकं, पेट्रोलचं. शिवाय माझ्या जुन्या इंजिनासारखंच नाकात लांबीने बसणारं आणि मागच्या चाकांना जोर देणारं.

मित्रांनो, खरं सांगते, मी चिडले. जीपचं इंजिन निदान दांडगं तरी होतं. पण शाळेची व्हॅन! डबे, दप्तरं, उलट्या करणारी पोरं, फाटकापाशी रडणारी बालवाडी! जिला पाहायला मोंढा उठून उभा राहायचा तिच्या छातीत हे? मी जहागीरदाराच्या घरची. मला कुणीतरी विचारायला हवं होतं.

पद्माबाईलाही क्षणभर पटलं नाही. "शाळेच्या गाडीचं?" तिने विचारलं.

"काट्यावर घ्या ना," भीमराज म्हणाले.

घेतलं. पुढचा आकडा, मागचा आकडा. काट्यावरच्या माणसाने दोन्ही मोठ्याने वाचले. दोन्ही आकडे माझ्या जन्माच्या इंजिनापेक्षाही जवळ आले होते. आणि बॉनेट? नुसतं सोडलं आणि ते लागलं. मला अडवताच आलं नाही.

त्यानंतर गॅरेजात बरंच काम झालं. इंजिन धरणारे नवे कान बनवले, मागच्या चाकांकडे जाणारा दांडा कापून पुन्हा जोडला, वायरींचा एक गुंता घातला. रेडिएटर अगदी नवा. आरटीओत जाऊन भीमराजांनी इंजिन बदलल्याची नोंदही रीतसर करून आणली. कुलदीप आता रोज यायला लागला होता. आधी नुसता उभा राहायचा. मग पाने द्यायला लागला. नव्या रेडिएटरमध्ये पाणी भरायची वेळ आली तेव्हा भीमराजांनी त्याच्याच हातात भांडं दिलं. त्याने आत वाकून पाहत पाहत पाणी ओतलं आणि हळूच म्हणाला, "आई, माझ्यानं गेलं व्हतं तिचं इंजिन."

"मला काय म्हाईत न्हाई?" ती म्हणाली. "आख्ख्या जिल्ह्याला म्हाईत हाय. वत पानी."

पहिल्यांदा इंजिन सुरू केलं तेव्हा त्याने घसा खाकरला नाही. ते लगेच बोलू लागलं, स्पष्ट आणि न थकता. रोज तीच वाट, तेच खड्डे, भर उन्हात चढाव, आणि तरी वेळेवर पोचायचंच, हे त्याने वर्षानुवर्षं केलं होतं. जहागीरदाराच्या मुलाला असं काही करावं लागलं नव्हतं, आणि मलाही नाही. माझा पत्रा थरथरला. मला इतका आनंद झाला की तो लपवावासाही वाटला नाही. मघाचा राग मी परत घेतला, हेही इथेच सांगून टाकते.

मी चालत गावी आले, पण भीमराजांच्या हाताने. पैज अजून बाकी होती. दोन दिवसांनी हळदीची शेवटची पोती ट्रॅक्टरवर चढली आणि मोंढ्याकडे निघाली. अंगणात वसराम आपला टेम्पो घेऊन हजर होता. गावही जमला होता.

कुलदीप सवयीने पुढे झाला. माझं ड्रायव्हरकडचं दार उघडून तो आत बसला आणि म्हणाला, "आई, ये. तू मागं..."

तो थांबला. त्याने मागे वळून पाहिलं. मागे माझं गुंडाळलेलं कापडी छप्पर आणि त्यापलीकडे डिकी. बाकी काही नव्हतं.

"मागं जागाच न्हाई, लेकरा," पद्माबाई म्हणाली. "सरक तिकडं."

कुणीतरी हसलं. मग सगळेच हसले. कुलदीपही हसला आणि पाय उचलून गिअरवरून कसाबसा पलीकडच्या सीटवर गेला. पद्माबाईने पदर कमरेला खोचला, आरसा आपल्या उंचीला लावला आणि किल्ली फिरवली. मग तिने वसरामकडे पाहिलं.

"वसरामभाऊ, तुमाला फोटोच काढायचा हाय ना? रस्त्याच्या कडंला उभं ऱ्हावा. जाताना काढा."

आणि आम्ही निघालो. मित्रांनो, त्या दिवसाचं काय सांगू! पहिला गिअर, दुसरा, आणि मग तिसरा. दोन्ही बाजूंनी वारा. वळणावर माझं तोंड तिला हवं तिकडे आणि हवं तितकंच वळत होतं. चढावर आमच्याच हळदीचा ट्रॅक्टर दिसला. पद्माबाईने हॉर्न दिला आणि आम्ही त्याला मागे टाकलं. पोत्यांवर बसलेल्या बायका उभ्या राहून ओरडल्या, "पद्माकाकू, सावकाश!" त्या हसत होत्या. कुलदीपची नजर मात्र सगळा वेळ रेडिएटरचं पाणी किती तापलं ते दाखवणाऱ्या काट्यावर होती. काटा जिथे असायला हवा तिथून हलला नाही.

मोंढ्यात ती उतरली नाही. आवारातून एक फेरी मारली. व्यापारी बाहेर आले. बरेचसे नवे होते, तिला ओळखतही नव्हते. तिला त्याचं काही वाटलेलं दिसलं नाही. फाटकातून बाहेर पडल्यावर कुलदीप म्हणाला, "आई, इकडं वळव. घरचा रस्ता हा."

"घर काय पळून चाललंय?" ती म्हणाली आणि मला औंढ्याच्या रस्त्याला घातलं.

तर मित्रांनो, मी आजही रस्त्यावर आहे. माझ्या छातीत शाळेच्या व्हॅनचं इंजिन आहे आणि हे मी कुणालाही मान वर करून सांगते. तुमच्या घरीही कुणी जुनं असेल. यंत्र असेल, सायकल असेल, नाहीतर माणूस असेल. त्याची काळजी जरूर घ्या. त्याला पुसा, तेलपाणी करा, औषध द्या. पण त्याला सावलीत बसवून त्याच्यापुढे फुलं ठेवायच्या आधी एकदा तोंडाने विचारा, की बाबा रे, तुला अजून चालायचंय का? आणि तो हो म्हणाला तर त्याच्या हातातली किल्ली काढून घेऊ नका.